संगमरवराची खोली

भद्रावतीच्या हॉटेलात कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. सातवीत शाळा सुटलेली, हातून कपबश्या फुटायच्या, जीव सारखा धास्तावलेला. सिरोंच्याला घरी परत जायचं ठरवून मी बसस्टँडवर येऊन बसलो. शेजारी जाड मिशांचा एक प्रवासी मोबाइलवर वस्ती वसवायचा गेम खेळत होता. एकेक दगड भिंतीला लावायचा, मान तिरपी करून न्याहाळायचा, पुन्हा काढायचा. मुंगीएवढ्या माणसांसाठी एवढी निगा! मी बघतच राहिलो.

शेवटी त्याने संगमरवर निवडला.

"भाऊ, पहिले ग्रॅनाइटचा कोट बांधा ना," मी म्हणालो. "शत्रू येईन."

"कोट उद्या. हा गडी आजच वस्तीत आला. याची खोली पहिले."

"याले काय काम येते?"

"काईच नाई."

"मंग संगमरवर काऊन?"

"घाबरून राह्यला ना बापा. चांगल्या जागी झोपला का शिकते सारं."

मग त्याने त्या खोलीत दिवाही लावला.

चंद्रपूरची बस लागली. सिरोंच्याला जायला मलाही तीच धरायची होती. तो चढला, मी बसूनच राहिलो आणि मग हॉटेलात परतलो. नाव विचारायचं राहून गेलं.

आता हॉटेलात कोणी नवा आला की पंख्याखालची माझी खाट मी त्याला देतो.