ब्रेकच्या डबीत लाल ऑइल

गाड्या दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेल्या मिस्त्रीनं हात पुसले, फडक्याकडे पाहिलं आणि त्याचं धाबंच दणाणलं. फडकं लाल झालं होतं.

ब्रेक ऑइल पिवळसर असतं. लाल असतं ते स्टिअरिंगचं. म्हणजे मघाशी लेकीच्या गाडीच्या ब्रेकच्या डबीत त्यानं ओतलं ते... अहो, स्टिअरिंगचंच! गाडी केव्हाच निघून गेली होती. गाडीत लेक, मागच्या सीटवर तिचं तान्हं, आणि पुढे अख्खा घाट.

आता याला चूक म्हणावं की माज? गॅरेजमधली ऑइलं जुन्या कॅनमध्ये भरलेली, वरची नावं कधीच पुसलेली. हा गडी वास घेऊन ओळखायचा. लोक 'नाकमिस्त्री' म्हणायचे आणि हा फुशारायचा. बायको म्हणायची, "अहो, दोन चिठ्ठ्या चिकटवायला काय जातंय तुमचं?" तर म्हणे, चिठ्ठ्या शिकाऊ लोकांना लागतात. आणि आज सर्दीनं नाक चोंदलेलं, तरी यानं कॅन नाकाशीच धरला. काय म्हणावं अशा माणसाला!

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ती उचलणारच नव्हती. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यानंच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

लहानपणी ती बॉनेटवर कोपरं टेकून विचारायची, "बाबा, पाय दाबला की गाडी थांबते कशी?"

"पेडल मास्टर सिलेंडरला दाबतं, तो ऑइलला ढकलतो. ऑइल नळीतून चाकापर्यंत जातं आणि तिथले पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात."

"आणि ऑइल गळलं तर?"

"आत रबराचे सील असतात बाळा, ते गळू देत नाहीत."

तेच सील आता भलत्या ऑइलमध्ये फुगत होते. ते फुगले की ब्रेक सुटत नाहीत, तापतात, आणि उतारावर कधी दगा देतील नेम नाही. "देवा, माझे हात घे, पण तिला सांभाळ," तो पुटपुटत होता. बायको धावत आली. त्यानं फडकं तिच्यापुढे धरलं. तिनं तो लाल रंग पाहिला आणि तिला सगळं कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकच!

"बाबा, पेडल दगडासारखं झालंय, गाडी पुढेच जाईना. घाटाच्या तोंडाशी थांबलेय. इथला मिस्त्री म्हणतो, कुणीतरी भलतंच ऑइल घातलंय. चांगलं झापलं मी त्याला! म्हटलं, माझ्या बाबांनी तपासलीय गाडी, तोंड सांभाळून बोला. आता ब्रेक जरा सुटल्यासारखे वाटतायत. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरते, इंजिनच धरून ठेवेल गाडीला. तुम्हीच शिकवलंय ना!"

"नको! हलवू नकोस गाडी!"

"का हो?"

काहीतरी थाप मारावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. नळी तुंबली असेल म्हणावं. पण तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "तो बरोबर बोलतोय गं. मीच घातलं चुकीचं ऑइल. चावी काढ, बाळाला घे आणि खाली उतर."

पलीकडून बाळाची कुरकुर ऐकू आली. मग इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला. लेक बोलली, पण त्याच्याशी नाही.

"दादा, माझं चुकलं," ती तिथल्या मिस्त्रीला म्हणत होती. "गाडी तुम्हीच बघा."