सही न शिकवणाऱ्या बाई

आमच्या बाई कशालाही घाबरायच्या. कुत्र्याला, गॅसच्या शेगडीला, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला. पण सगळ्यात जास्त घाबरायच्या त्या सहीला. पंचवटीतल्या त्यांच्या घरी दुपारी तीनला आम्ही सात-आठ बायका शिकायला जमायचो. कुणी भाजीवाली, कुणी धुणीभांडी करणारी, मी फुलं विकणारी. प्रत्येकीची पहिली मागणी एकच, "बाई, आधी सही शिकवा." त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. "सही सगळ्यात शेवटी," म्हणायच्या. पोस्टातून निवृत्त होऊन फुकट शिकवणाऱ्या बाईंशी वाद कोण घालणार?

मी घातला. मी पहिल्यापासून तोंडाळच. तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. "पूर्वी एकीला आठ दिवसांत सही शिकवली. अंगठा देत होती तोवर लोक तिला कागद वाचून तरी दाखवायचे. सही करायला लागली आणि तेही बंद झालं. दिरानं पुढं केलेल्या कागदावर झोकात सही ठोकली. राहतं घर गेलं तिचं." बाईंनी स्वतःकडं बोट केलं. "मीच शिकवली होती गं," म्हणाल्या.

म्हणून त्यांचं सगळं वाचनावर. अक्षराखाली बोट ठेवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. विजेचं बिल, पिठाची पिशवी, दुकानाची पाटी. इंग्रजीही तसंच. पाकिटावरची एक्सपायरीची तारीख वाचल्याशिवाय कुणाला गोळी गिळू द्यायच्या नाहीत. एकदा आमच्यातल्या सखूबाईंची डोकेदुखी तारीख लावता लावताच थांबली. आम्ही हसून हसून बेजार, आणि बाई आपल्या तारीख पुन्हा तपासतायत.

मी मात्र चोरून लेकीकडून सही गिरवून घेतली. बाईंना सांगायची हिंमत झाली नाही.

वडील गेले आणि मखमलाबादचा गुलाबाचा मळा मला आणि धाकट्या भावाला, शिवाला, निम्मा-निम्मा आला. नवऱ्याच्या मागं माझं घर त्याच फुलांवर चालतं. एक दिवस शिवा म्हणाला, "ताई, उद्या वकिलाकडं चल. विहिरीच्या मोटरीचं मीटर नावावर करायचंय. फक्त सही पाहिजे." मला बाईंनी सांगितलेला तो दिराचा कागद आठवला. सख्ख्या भावावर संशय घ्यायचा? बाईंना सांगितलं तर त्या माझ्याहून घाबरल्या. तरी म्हणाल्या, "मी येते." अहो, रस्ता ओलांडायला त्यांना माझा हात लागायचा!

वकिलाच्या टेबलावर तीन पानी कागद होता. शिवानं पेन माझ्या हातात कोंबलं. मी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, तर अक्षरं नुसती नाचायला लागली.

"लय येळ लावती तू. घरचाच कागद हाय ना?" शिवा म्हणाला. वकील घड्याळ बघत होते. आता करून टाकावी सही, असं माझ्या मनात आलंच होतं.

"ती वाचतेय. थांबा." बाई बोलल्या. आवाज इतका कापत होता की मला त्यांचीच काळजी वाटली. पण सगळे थांबले. मी वाचत गेले. कागदात मीटर नव्हतं, मोटर नव्हती. दुसऱ्या पानावर होतं, "माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडत आहे." मी ते मोठ्यानं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. शिवा माझ्याकडं बघेना.

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या दारात तमाशा करून गेला. "बायकांना बिघडवता काय? बघून घेतो!" मला कळताच मी धावत गेले. दार बंद. आतून "कोण?" असं तीनदा विचारून मग कडी निघाली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"माझ्यामुळं झालं हे," मी रडत म्हणाले. "बाई, वर्ग बंद करा काही दिवस."

"भीती वाटतेच गं, हिरा. फार वाटते." त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "तीन वाजता सगळ्यांना मागच्या दारानं यायला सांग."

त्यानंतर दीड वर्ष त्या शिकवत राहिल्या. दारावरची बेल वाजली की दरवेळी दचकायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता वर्ग माझ्या घरी भरतो. शिवा अजून बोलत नाही. गल्लीत त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की माझ्या छातीत धस्स होतं. समोरच्या बायका वाचायच्या थांबतात, माझ्याकडं बघतात. मी म्हणते, पुढची ओळ वाचा, जरा मोठ्यानं.