शिक्र्याच्या पिल्लाचा आवाज

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या बाजारात होते. दोन महिने होत आले, तरी त्याच्यावर काय लिहावं ते सुचत नव्हतं… लोक त्याला ज्या गोष्टीसाठी ओळखत, तिचीच त्याला शेवटपर्यंत लाज वाटत राहिली.

माझा हा थोरला भाऊ गोंडपिपरीकडच्या शाळांतून मास्तरकी करून निवृत्त झाला. शिकारी पक्षी तो आवाजावरून ओळखायचा. दाट पानांत काही दिसत नसलं तरी सर्पगरुडाची लांब शीळ, शिक्र्याची दोनसुरी हाक… मान जराशी तिरपी करून नाव सांगायचा. म्हणून आसपासच्या गावांत झाड पाडायचं असलं की वर घरटं आहे का ते ऐकायला आधी त्याला बोलावत.

एका उन्हाळ्यात एका गावी अंगणवाडीच्या छपरावर बेहड्याचं झाड कललं होतं. भाऊ खाली बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "खोपा नाई. पाडा." झाड पडलं, तेव्हा फांद्यांतून शिक्र्याचा खोपा निघाला. एक पिल्लू जिवंत होतं. भाऊनं ते ओंजळीत घेतलं. "कसं चिरकून राह्यलं बिचारं!" लोक म्हणत होते, आणि भाऊ नुसता त्याच्या उघड्या चोचीकडे पाहत होता… संध्याकाळपर्यंत ते मेलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, ते माह्या हातात ओरडून राह्यलं होतं, अन् मले काहीच आयकू आलं नाई. बारीक आवाज कधीचेच गेले. मले ठाऊक होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"लाज वाटे. लोक मले त्याच्यासाठीच तं बोलावत."

पुढे कित्येक महिने तो त्या गावावरून जाणं टाळायचा. मूल गावाला जायचं असलं तरी फेरा घेऊन जाई. मग एका सकाळी मला सोबत घेऊन गेला आणि अंगणवाडीसमोर, सगळ्यांदेखत, खाली मान घालून कानांचं खरं सांगून टाकलं. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, आमचे कान चांगले हायेत. तुमी शिकवा."

त्यानं आम्हा बायकांना शिकवलं. पिल्लाचा आवाज काढताना तो त्याला स्वतःला ऐकू यायचा नाही. बरोबर निघाला का, हे आमच्या चेहऱ्यांवर शोधायचा.

गेल्या आठवड्यात त्या बाईंनी मला बोलावलं. वाळत चाललेला ऐनाचा वृक्ष पाडायचा होता. आम्ही साऱ्याजणी खाली कान देऊन उभ्या राहिलो. काहीच आवाज नव्हता. पण "पाडा" हा शब्द कोणाच्या तोंडून निघेना.

"उद्या अजून एक डाव आयकू," बाई म्हणाल्या.

ऐन अजून उभा आहे.