विहीणबाईंच्या साती आसरा

आमच्या विहीणबाईंना या जगात निर्जीव अशी एकही वस्तू आजवर भेटलेली नाही. आपण ज्याला नळ म्हणतो, लिफ्ट म्हणतो, कुकर म्हणतो, ती त्यांच्या लेखी सगळी माणसंच. कुणी थकलेलं, कुणी रुसलेलं, कुणी भोळं. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. सगळं आयुष्य लासूर स्टेशनच्या बाजूला शेतात गेलं, आणि आमचे व्याही वारल्यावर त्या मुलाकडं, म्हणजे माझ्या जावयाकडं, शहरात आल्या. बीड बायपासच्या पलीकडं आमची अपार्टमेंट. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या. मी जन्माचा नास्तिक, त्यात तोंडाचा फटकळ. लेकीनं आधीच बजावून ठेवलं होतं, "बाबा, आईंना काही बोलायचं नाही हं." मी काय बोलणार, कप्पाळ! त्या मला बोलू देतील तर ना!

आमच्याकडं वर येताना त्या लिफ्टच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत, आणि वर पोचल्यावर "आनलंस गं बाई सुखरूप" म्हणून तिच्या दारावरून हात फिरवत. कुकर गॅसवर असताना स्वयंपाकघरात कुणाची उणीदुणी काढायची नाहीत, शिजतं अन्न ऐकत असतं, असा त्यांचा दंडक. त्यामुळं लेकीच्या घरातली भांडणं नेहमी जेवणं झाल्यावर व्हायची, आणि पोट भरल्यावर कुणाला भांडायचा उत्साह राहतो? दुष्काळाची वर्षं होती. टँकर दारात लागला की माणसं बादल्या घेऊन धावत, विहीणबाई हळदकुंकू घेऊन. टँकरला बोटं ओढायची, एक फूल ठेवायचं, मगच पाइप सोडू द्यायचा. पहिल्यांदा ड्रायव्हर वैतागला, "अम्मा, जरा बाजू हटो ना!" महिन्याभरात तोच गाडीतून मान काढून विचारायला लागला, "अम्मा, आज फूल नहीं लगाए क्या?"

नळाला पाणी कधी आठवड्यानं यायचं, कधी त्याहून उशिरा. यायच्या आधी नळ नुसता फुसफुसायचा, खोकायचा, हवा सोडायचा. मी महापालिकेच्या नावानं शंख करायचो. विहीणबाई मात्र नळाखाली हात धरून उभ्या. "इवाई, जरा दमानं घ्या की," त्या मला म्हणायच्या; व्याह्याला त्यांच्याकडं इवाई म्हणतात. "पैठणच्या धरणापासून चढ चढून येतंय ते. त्याला दम नाय का लागायचा?" टळटळीत दुपार, सगळी बिल्डिंग झोपलेली, आणि त्या रिकाम्या नळातून येणारा तो लांबचा श्वास. खरं सांगतो, मलासुद्धा क्षणभर वाटायचं की कुणीतरी उन्हातान्हातून चालत आपल्याच घरी निघालंय. मग पाणी यायचं आणि मी बादली लावायला धावायचो.

एकदा चहा घेता घेता मी सहज सांगितलं, की इथं पूर्वी शेत होतं, आणि आता कोपऱ्यात स्कूटर लागतात तिथं विहीर होती. बिल्डरनं दगडमातीनं बुजवली. विहीणबाईंची बशी ओठाशीच थांबली.

"बुजवली? आन् आसरांना सांगितलं व्हतं का?"

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. विहीणबाईंच्या गावाकडं प्रत्येक विहिरीवर त्यांची पूजा असते. झालं! दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात शेंदूर लावलेले सात खडे मांडलेले. रोज दिवेलागणीला उदबत्ती, अमावस्येला दहीभात. आमचे चेअरमन रिटायर्ड इंजिनिअर. ते म्हणाले, "काकू, ही पार्किंगची जागा आहे." विहीणबाई म्हणाल्या, "व्हय की. पर त्या आधीपासून लावून बसल्यात." चेअरमन मुकाट्यानं आपली स्कूटर काढून झाडाखाली नेऊन लावायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरही दिसेनासा झाला. मीटिंगमध्ये ठरलं, बोअर मारायचा. आणि विहीर होती तिथंच मारायचा, झरा असणारच. एका रात्रीत सगळे भाविक झाले. ज्यांनी दहीभाताची टिंगल केली, तेच नारळ घेऊन विहीणबाईंच्या दारात. "काकू, तुमच्या आसरांना जरा सांगा." विहीणबाई माझ्याजवळ एवढंच बोलल्या, "इवाई, म्या त्यांच्याकडं कधी काय मागितलं नाय. आता पाणी नाय लागलं तर हे लोक त्यांना नावं ठिवतील हो." त्यांना बोअरची काळजी नव्हती, त्या सात जणींच्या अब्रूची होती. आणि मी, जन्माचा नास्तिक, त्या रात्री मनातल्या मनात म्हणत होतो, बायांनो, या बाईसाठी तरी लागा.

बोअरच्या दिवशी विहीणबाईंनी खडे उचलून पदरात घेतले आणि मशीन सुरू झालं. सकाळपासून दुपारपर्यंत नुसता धुरळा, पांढराफटक, पिठासारखा. शेवटी मशीनवाला म्हणाला, "सूखा है साहब," आणि पाइप काढायला लागला. नारळवाले एकेक करून घरात गेले. कुणीतरी जिन्यात मोठ्यानं म्हणालंच, "कसल्या आसरा न् कसलं काय!" विहीणबाईंनी ते ऐकलं.

संध्याकाळी मला राहवेना. आता ही बाई मोडली, या धास्तीनं मी खाली उतरलो. त्या कोपऱ्यात बसून ओल्या फडक्यानं खडे पुसत होत्या. मांडून झाले. मग त्यांनी स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या खड्यांपुढं ठेवला.

"विहीणबाई, रागावला नाहीत ना त्यांच्यावर?"

"रागवू कशाला?" त्यांचे डोळे भरून आले. "एवढ्या खोल जाऊन बसल्यात बिचाऱ्या, तरी ओठ ओला नाय. त्या बी तान्हेल्याच व्हत्या की, इवाई. आन् आपण त्यांच्याकडंच मागाय गेलो."

सकाळी तांब्या रिकामा होता. चिमण्या प्यायल्या असतील, नाहीतर मांजर.

पुढं पाऊस झाला, आणि विहीणबाई धाकट्या मुलाकडं वैजापूरला राहायला गेल्या. निघताना तांब्या माझ्या हातात दिला. "लक्ष असू द्या ह्यांच्यावर." आता रोज दिवेलागणीला मी गुडघ्यांना शिव्या घालत खाली उतरतो. देवबीव मी अजूनही मानत नाही. तांब्या ठेवतो, आजूबाजूला कुणी नाही असं बघतो, आणि हळूच म्हणतो, "घ्या."