सातवं कलम

माझी आई हे न कळताच गेली. बायकोला मी सांगितलेलं नाही, आणि दफ्तरात तीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून लेखणी झिजवली, त्यांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. तुम्हांला सांगतो आहे. का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पेठेत माझा एक लौकिक आहे, तो आधी ऐका. जखमींच्या पागेत आजाऱ्यांची हेळसांड होते, हे तोंडावर सांगणारा पहिला माणूस मी. लोक अजून म्हणतात — साधा कारकून, पण भावासाठी कारभाऱ्यांना अर्ज दिला हो! मी मान खाली घालतो. लोक त्याला विनय समजतात. पुण्यात विनय फारसा पाहायला मिळत नाही, त्यामुळे ओळखण्यात चूक होत असावी.

माझा धाकटा भाऊ मोरू कर्नाटकच्या मोहिमेवर लिहिणारा म्हणून गेला होता. तलवार कधी हातात धरली नाही, पण मांडीत भाल्याची जखम घेऊन आला. आषाढात त्याला डोलीतून आणलं आणि शुक्रवार पेठेतल्या त्या पागेत ठेवलं. एका सरदाराचे घोडे हलवून तिथे जखमींसाठी खाटा टाकल्या होत्या. घोड्यांचा वास मात्र हलला नव्हता. जखम रोज दोनदा धुवायची, शिवण बघायची — घरी कुणाला जमणार होतं?

दफ्तर सुटलं की मी रोज जायचो, आणि पाहायचो. छप्पर गळत होतं. अंथरलेलं गवत कुजलं होतं. पट्ट्या दोन-दोन दिवस बदलत नसत, आणि सेवेकरी पडवीत सोंगट्या खेळत बसत. यातलं एक अक्षर खोटं नाही. माझी काळजीही खोटी नव्हती — पण तिचं पुढे मी काय केलं?

त्या पागेत काम करणारं एकच माणूस होतं. जैनबबी. मुसलमान जर्राहाची, म्हणजे जखमा शिवणाऱ्याची, विधवा बहीण. ती मोरूची जखम धुवायची, पू काढायची, माशा वारायची. ते मला चालत होतं. जखमेला कुणाचाही हात चालतो. पाण्याला चालत नाही. ब्राह्मणांच्या खाटांसाठी ब्राह्मण पाणक्या होता. कोपऱ्यावरच्या हौदातलं कात्रजचं पाणी तो दिवसातून दोनदा आणायचा, उशाशी भांडं भरून ठेवायचा आणि निघून जायचा. तापानं फणफणलेल्या माणसाला तहान काय दोनदाच लागते?

एका संध्याकाळी मी गेलो, तर जैनबबी मोरूचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजत होती. आमच्या घरच्या भांड्यातून. आणि तो पीत होता — डोळे मिटून, घटाघटा. मला पाहून दचकला. म्हणाला, "दादा, हिला काही बोलू नकोस. हिच्यामुळे मी आहे."

मी तिला काही बोललो नाही. घरी येऊन अर्ज लिहिला.

सात कलमं होती. छप्पर, गवत, पट्ट्या, सेवेकरी, सगळं त्यात आलं. सातवं कलम असं, की ब्राह्मण आजाऱ्यांस भलत्याच हातचं पाणी पाजून बाटवितात, त्याचा बंदोबस्त व्हावा. अक्षर सुरेख आलं होतं. कारभाऱ्यांनी वाचलं, मान डोलावली. छप्पर गळतच राहिलं, गवत कुजतच राहिलं. सातव्या कलमाचा अंमल मात्र दुसऱ्याच दिवशी झाला. जैनबबीला पागेतून काढलं. मोरू माझ्याशी बोलेना. आणि मला — आता लपवून काय करू? — मला बरं वाटलं. माझ्या अर्जाला मान मिळाला होता.

मग श्रावणातली दक्षिणा आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा म्हणून भिंत घातलेलं आवार आहे; दक्षिणा घेणाऱ्या ब्राह्मणांना तिथे आत घेत, आणि शेवटच्याचं होईपर्यंत दार उघडत नसत. दारावर नावं लिहायला दफ्तरातून मला पाठवलं होतं. रांगेत आमचा पाणक्या आला. मी त्याचं नाव लिहिलं.

माझ्या मनात आलं — हा आत गेला, तर आज मोरूला पाणी कोण देणार?

आलं. अगदी स्पष्ट आलं. लेखणी थांबली. आमचे वरिष्ठ, मुजुमदार, शेजारीच बसले होते. घटकाभराची रजा मागितली असती, तर त्यांनी दिलीही असती. पण कारण सांगावं लागलं असतं. आणि ज्यानं एवढा मोठा अर्ज केला, त्याच्या भावाला पाणी द्यायला कुणी नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं? हसले असते सगळे. मी पुढच्याचं नाव विचारलं.

परतताना पागा वाटेवरच होती. दिवसभर चेंगरून निघालो होतो. उद्या जाऊ म्हटलं. उद्याही रमणाच होता.

तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा मोरूच्या तोंडावरून पांघरूण ओढलेलं होतं. उशाशी भांडं उपडं पडलं होतं. शेजारच्या खाटेवर एक हात गमावलेला शिलेदार होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई पानी मागत व्हता. म्या उठलो बी व्हतो. पर सेवेकरी म्हनले, त्या खाटेला शिवू नगा, त्याचा भाऊ अर्ज करतो."

वैद्य म्हणाले, ताप डोक्यात गेला. मी घरी सांगितलं, पागेतल्या लोकांनी मारला. आईनं विचारलं, कुणी? मी जैनबबीचं नाव घेतलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तेराव्यानंतर ती आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "पोरगं लई गुणाचं व्हतं, आई." आईनं तिला जे शाप दिले, ते मी इथे लिहीत नाही. मी आत, दाराच्या मागे उभा होतो. ती एका शब्दानं उलटून बोलली नाही. पदरानं डोळे पुसले आणि गेली. मला वाटतं, तिला सगळं ठाऊक होतं.

आई मरेपर्यंत तिला शाप देत राहिली. रोज, देवापुढे. मी ऐकत राहिलो.

मोरूला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याचं सगळं मीच करतो. दर श्रावणात त्या तिथीला पहाटे नाहतो, सोवळं नेसतो, आणि तीळ घालून त्याच्या नावानं ओंजळ ओंजळ पाणी सोडतो. कुणाचा हात लागू देत नाही. पाणी मी स्वतः भरतो, त्याच हौदावरून.