चेहऱ्याचा दाखला

म्हसवडला ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक गृहस्थ आहेत. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी ते अर्जांच्या वेबसाइट स्वतः उघडून पाहतात. कुठलं बटण हललं, कुठला रकाना नवा आला, ते वहीत टिपतात. "लोकं लांबनं येत्यात. त्यांच्यासमोर चाचपडत बसायचं न्हाई," हे त्यांचं फौजेतलं वळण. माझा कॉलेजचा पहिला अर्ज त्यांनीच भरला. आज मी पुण्यात वेबसाइट बनवतो आणि ही ओळख ऑफिसात अभिमानानं सांगतो.

यंदा मी आईला हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडे नेलं. आता अंगठ्याऐवजी मोबाइलला चेहरा दाखवून डोळे मिचकावायचे होते. दाखला वेळेत पोचला नाही, तर वडिलांच्या मागे तिला मिळणारी पेन्शन थांबणार होती. पण ते भावकीतले, नात्यानं तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर आईचा पदर कपाळावर आणि मान खाली. मोबाइलनं तीनदा चेहरा नाकारला.

"आई, वर बघ की," मी वैतागलो.

"ऱ्हाऊ दे रं. तिला कशाला बोलतोस?"

त्यांनी मोबाइल आईच्या हातात दिला आणि आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"मी काय बघत न्हाई. तुमी निवांत डोळं मिचकावा."

आईनं पदर मागं सारला, मोबाइलकडे पाहिलं. हिरवी खूण आली.

"झालं का रं?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

आईनं पदर पुन्हा नीट घेईपर्यंत मी उत्तर दिलं नाही.