दहा शब्दांची ओळ

आमचे हे शाळेची व्हॅन चालवायचे आणि माणसं मोजायचे नाहीत. ज्याच्या गाडीत रोज सकाळी लोकांची पोरं चढतात-उतरतात, त्याने मोजायचं नाही म्हणजे काय, हे मला विचारा. माझं निम्मं आयुष्य ह्या एका वादात गेलं.

पोरं त्यांना गाडीकाका म्हणायची. बुटका माणूस, खिशात कायम गोळ्या, आणि तोंडाला उसंत नाही. सिग्नलला गाडी थांबली की आकड्यांची शिकवणी सुरू. आपल्या यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात आकडा हा नुसता आकडा नसतो, हे त्यांचं पहिलं वाक्य. सात म्हणजे पुरं झालेलं काम, कारण सातव्या दिवशी देवानेही विश्रांती घेतली. बारा म्हणजे अख्खं घराणं, बारा मुलगे आणि त्यांची बारा कुळं. चाळीस म्हणजे कसोटी, चाळीस दिवस पाऊस आणि चाळीस वर्षं वाळवंट. परीक्षेच्या दिवसांत एखादं पोर रडत बसलं तर म्हणायचे, "रडू नकोस, तुझं चाळीस चालू आहे." ते पोर घरी जाऊन तेच सांगायचं, आणि त्याची आई मला रस्त्यात गाठून विचारायची, हे काय नवीन? मी म्हणायची, माझं तर लग्नापासून चाळीसच चालू आहे.

दहा हा त्यांचा लाडका आकडा. आमच्या मूळपुरुषाने एका पापी शहरासाठी देवाशी घासाघीस केली होती. पन्नास भली माणसं सापडली तर सोडशील का, पंचेचाळीस सापडली तर सोडशील का, असं करत करत तो दहावर आला आणि थांबला. दहाच्या खाली देवाशीही बोलणी नाहीत. म्हणून आमच्या प्रार्थनाघरात दहा पुरुष जमल्याशिवाय सगळ्यांची मिळून प्रार्थना होत नाही. आता जमलेले दहा आहेत की नऊ, हे कळणार कसं? बोट दाखवून एक, दोन, तीन म्हणायचं नाही, कारण शास्त्रातल्या एका राजाने आपली माणसं मोजली आणि राज्यात रोगराई पसरली. मग तिथे शास्त्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणतात. आमच्या लोकांना सांभाळ, त्यांना कायम उचलून घे, अशी ती देवाला विनवणी आहे. एका माणसाकडे बघायचं आणि एक शब्द म्हणायचा. शेवटचा शब्द ज्याच्यावर पडला तो दहावा, मग पुस्तकं उघडायची.

ही ओळ ह्यांनी व्हॅनमध्ये आणली. शाळेच्या फाटकाशी पोरं उतरायला लागली की हे दाराशी उभे राहायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि ओठातल्या ओठात एकेक शब्द म्हणायचे. पोरं दहा, शब्द दहा. शेवटचा शब्द झाला की दार लावायचं. जुनी पोरं कॉलेजात गेली, नवी आली, ओळ तीच राहिली. मी म्हणायची, हे खूळ आहे. ते म्हणायचे, एवढ्या वर्षांत एका पोराला खरचटलं का सांग.

मग अकरावी पोरगी आली. तिची आई औषधांच्या दुकानात काम करायची, सकाळी लवकर जावं लागायचं, घरात दुसरं कोणी नाही. जागा नाही म्हणून सांगायला हे खाली गेले आणि हो म्हणून वर आले. पोरगी एवढीशी, बसली की झोपायची. मागच्या सीटच्या कोपऱ्यात दप्तराला मिठी मारून मुटकुळं. ह्यांनी तिचं नाव शेंडेफळ ठेवलं.

"आता तरी सरळ मोजा," मी म्हटलं. "अकरा म्हणा आणि मोकळे व्हा."

"ओळ संपली की पहिला शब्द पुन्हा घेईन. त्यात काय एवढं?"

"आणि तुमच्या शास्त्रात अकराचा अर्थ काय?"

हसले. "अकराला अर्थ नाही. दहाच्या पुढे गेलेला आणि बाराला न पोचलेला. बिनकामाचा आकडा."

बरेच महिने ते जमलंही. शेवटचा शब्द झाला की थांबायचं, आत वाकून शेंडेफळाला उठवायचं, पहिला शब्द तिच्या डोक्यावर ठेवायचा. सगळ्यात जास्त वेळ तिच्या डोक्यावर हात असायचा, असं त्यातलीच एक पोरगी मला नंतर म्हणाली.

त्या दिवशी फाटकाशी गाड्यांची गर्दी होती. मागचे हॉर्न वाजवत होते, वॉचमन शिट्टी फुंकत होता, काका, गाडी काढा, गाडी काढा. पोरं भराभर उतरली. शब्द, शब्द, शब्द. शेवटचा शब्द झाला आणि हातानं दार लावलं. इतकी वर्षं त्या शब्दावर दारच लावलं होतं त्या हातानं. पुढचा शब्द राहिला.

शाळेत बाईंना वाटलं, मुलगी आज आली नाही. ह्यांनी नेहमीसारखी व्हॅन काचा बंद करून टायरच्या दुकानामागे उन्हात लावली आणि घरी येऊन जेवले. चवीनं जेवले. मी शिलाई मशीनवर पडदे घेऊन बसले होते तेव्हा पंक्चरवाल्याचा फोन आला. हवा भरायला गेला होता, तर मागच्या काचेला टेकलेला हात दिसला. काच फोडून त्यानेच तिला दवाखान्यात नेलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. आत काय चाललंय कोणी सांगेना. पोलीस येऊन गेला. त्याने विचारलं, गाडीत मुलं किती होती? हे माझ्याकडे वळले. मीच सांगितलं, अकरा. तिची आई दुकानाच्या कोटातच आली होती. मला वाटलं होतं ती अंगावर धावून येईल, चपलेने मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही मोजलं होतं ना?"



दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरातली माणसं आली. पोरीसाठी इथेच प्रार्थना करू म्हणाली. आईने हात जोडले, म्हणाली, कोणत्याही देवाला सांगा, पण सांगा. जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत सगळे उभे राहिले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सुताराने ओळ सुरू केली. एकेका तोंडाकडे बघत, एकेक शब्द. हे शेवटी उभे होते. त्यांच्यापर्यंत आला आणि ह्यांनी त्याचा हात धरला.

"तो शब्द माझ्यावर टाकू नकोस. त्या शब्दावर मी दार लावलंय."

आणि बाकावर येऊन बसले.

म्हणजे नऊ राहिले. नऊ जण पुस्तकं हातात घेऊन एकमेकांकडे बघत उभे. मी ह्यांचे खांदे धरून गदागदा हलवलं. "अहो, माझ्यासाठी नको, त्या पोरीसाठी तरी उभे राहा. नुसतं उभं राहायचंय." दगडाला सांगितल्यासारखं. मी स्वतः उभी होते की तिथे, पण बायकांना आमच्याकडे शब्द नसतो. ती आई एकदा ह्यांच्याकडे बघत होती, एकदा त्या नऊ जणांकडे, आणि तिला काही कळत नव्हतं. तिला समजावून सांगायला मला तोंड नव्हतं. थोड्या वेळाने माणसं एकेक करून जिना उतरली.

शेंडेफळ वाचली. वाचली म्हणजे डोळे उघडले. उजवा हात उचलत नाही, आणि आईला आई म्हणत नाही. आईने दुकान सोडलं, पोरीला घेऊन आपल्या बहिणीकडे निघून गेली. व्हॅन पोलिसांच्या आवारात पडून आहे. कोर्ट जे म्हणेल ते म्हणेल, ह्यांनी वकील करायलाही नकार दिला.

एकदा जेवताना मध्येच म्हणाले, "अकराला अर्थ होता गं. शास्त्रातल्या त्या बारा पोरांच्या म्हाताऱ्या बापाचं एक पोर हरवलं, अकरा उरले, तेव्हा कोणीही समजावलं तरी तो ऐकेना. अकरा म्हणजे एक पोर घरी आलेलं नाही." मी म्हटलं, जेवा आता. मला राग आला होता. इतकी वर्षं सगळ्या जगाला अर्थ सांगत फिरलात आणि हाच एक राहिला होता का?

आता शाळा सुटायच्या वेळेला ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खालून पोरं जातात. हे बोट दाखवून मोठ्यानं मोजतात, एक, दोन, तीन, जे जन्मभर केलं नाही ते. दहापर्यंत येतात आणि थांबतात. रस्ता पोरांनी भरलेला असतो, पण पुढचा आकडा तोंडातून निघत नाही. मग माझ्याकडे वळून विचारतात, "मागे अजून एक आहे ना?"

मी म्हणते, आहे. दुसरं काय म्हणू?